रॅम वाढवली, आता स्वॅप किती ठेवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅपटॉपमध्ये आधी ८ जीबी रॅम होती. लिनक्स टाकताना ‘रॅमच्या दुप्पट’ या हिशोबाने १६ जीबीचं स्वॅप पार्टिशन केलं होतं. स्वॅप म्हणजे रॅममधून बाहेर काढलेला मजकूर ठेवायला डिस्कवर राखलेली जागा. आता रॅम ३२ जीबी झाली, डिस्क मात्र तीच, ५१२ जीबीची एसएसडी. मग स्वॅप ६४ जीबी करायची का? की एवढी रॅम असताना स्वॅप हवीच कशाला, काढूनच टाकायची?

दोन्ही नको. लॅपटॉप हायबरनेट करत असाल, म्हणजे रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवून पूर्ण बंद करत असाल, तर स्वॅप ३२ जीबीपेक्षा थोडी जास्त ठेवा. करत नसाल तर ४ ते ८ जीबी पुरे, आणि आहे ती १६ जीबी तशीच राहू दिली तरी काही बिघडत नाही. घाई असेल तर इथेच थांबायला हरकत नाही. पण हे आकडे कुठून येतात ते एकदा कळलं की उद्या ६४ जीबी रॅम घातलीत तरी उत्तर तुमचं तुम्हालाच काढता येईल.

दुपटीचा नियम कुणी हवेतून काढलेला नाही. जुन्या बीएसडी युनिक्समध्ये प्रोग्रामने मेमरी मागितली की तेवढी जागा डिस्कवरच्या स्वॅपमध्ये आधीच राखून ठेवली जायची, मग ती पेजेस (मेमरीचे छोटे तुकडे) रॅमबाहेर कधी जावोत वा न जावोत. अशा यंत्रणेत स्वॅप रॅमपेक्षा मोठी नसेल तर विकत घेतलेली रॅमसुद्धा पूर्ण वापरता येत नसे. लिनक्समध्येही २००१ साली आलेल्या २.४ कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, पहिल्या काही आवृत्त्यांत वेगळ्या कारणाने हेच झालं होतं. स्वॅपमधून रॅममध्ये परत आलेल्या पेजची स्वॅपमधली जागा अडकूनच राहायची, त्यामुळे रॅमएवढी स्वॅप असणं म्हणजे जवळजवळ नसल्यातच जमा. त्याच वर्षी २.४.१० मध्ये मेमरी सांभाळणारा भागच बदलला गेला आणि ते कारण संपलं. नियम मात्र इन्स्टॉलेशनच्या मार्गदर्शिकांमधून फिरत राहिला. ६४ एमबी रॅम असताना दुप्पट म्हणजे १२८ एमबी, कुणाला जड वाटण्याचा प्रश्नच नव्हता. ३२ जीबीची दुप्पट म्हणजे तुमच्या डिस्कचा आठवा हिस्सा.

रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या मार्गदर्शिकेतला तक्ता या बाबतीत बोलका आहे. २ जीबीपर्यंत रॅम असेल तर स्वॅप दुप्पट, २ ते ८ जीबीपर्यंत रॅमएवढी, आणि ८ च्या पुढे ६४ जीबीपर्यंत फक्त ‘किमान ४ जीबी’. ६४ च्या वरही तेच. म्हणजे रॅम आठपट झाली तरी किमान आकडा जागचा हलत नाही. हायबरनेट करणाऱ्यांसाठी तिथे वेगळा रकाना आहे, त्याकडे येतोच.

आकडा हलत नाही याचं कारण स्वॅपमध्ये नक्की काय जातं यात आहे. रॅममध्ये ढोबळमानाने दोन तऱ्हेची पेजेस असतात. एक, ज्यांची मूळ प्रत डिस्कवर आहे: प्रोग्रामचा कोड, लायब्ररी, नुकत्याच वाचलेल्या फाइली. रॅमची ओढाताण झाली की कर्नल ही पेजेस बिनधास्त टाकून देतो, लागली तर डिस्कवरून पुन्हा वाचता येतात. दुसरी तऱ्हा म्हणजे अनामिक पेजेस. ब्राउझरच्या टॅबमधला मजकूर, एडिटरमधला अनडूचा इतिहास, डेटाबेसने चालता चालता मागितलेली मेमरी. यांची डिस्कवर कुठेच प्रत नसते. टाकून दिली तर गेलीच. स्वॅप असते ती या दुसऱ्या तऱ्हेसाठी. टीएमपीएफएसमध्ये, म्हणजे रॅममध्येच असलेल्या फाइल सिस्टिममध्ये, ठेवलेल्या तात्पुरत्या फाइलीही याच गटात मोडतात, तेही लक्षात असू द्या. टीएमपीएफएसची मर्यादा आपोआप रॅमच्या निम्मी धरली जाते. म्हणजे तुमच्याकडे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर टीएमपीएफएसवर असेल तर त्याची कमाल मर्यादा आता ४ वरून १६ जीबी झाली आहे.

आता स्वॅप अजिबात नसलेलं मशीन डोळ्यांसमोर आणा. लॉगिनच्या वेळी सुरू झालेल्या आणि नंतर ढुंकूनही न पाहिलेल्या डझनभर सेवांची अनामिक पेजेस मशीन बंद होईपर्यंत रॅम अडवून बसतात, कारण त्यांना जायला जागाच नाही. पुढे मेमरी तंग झाली की कर्नलच्या हातात फक्त पहिली तऱ्हा उरते. मग तो फाइलींची कॅश, म्हणजे वाचलेल्या फाइलींच्या रॅममधल्या प्रती, टाकतो, तीही संपली की चालू प्रोग्रामचा कोडच टाकू लागतो. पुढच्याच क्षणी तो कोड हवा असतो, म्हणून डिस्कवरून परत वाचतो, त्यासाठी दुसरा टाकतो. डिस्कचा दिवा सतत पेटलेला, माउस अडखळतोय, आणि स्वॅप तर शून्य आहे. ‘स्वॅप नाही म्हणजे मशीन स्वॅपिंगने मंदावणार नाही’ हा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकतो. मंदावतं. फक्त त्याचा दोष दिसायला स्वॅपचा रकाना नसतो, एवढाच फरक.

म्हणून ३२ जीबी रॅमवरही थोडी स्वॅप हवी. पण ती ‘थोडी’ म्हणजे किती, हे रॅमवरून ठरत नाही. तुमच्या कामात निष्क्रिय पडून राहणारी अनामिक मेमरी किती, यावर ठरतं. घरच्या किंवा ऑफिसच्या नेहमीच्या वापरात ती साधारण एक-दोन जीबीच्या घरात असते. काम तेच ठेवून रॅम चौपट केलीत तर ही मेमरी वाढत नाही, उलट तिला बाहेर काढायची गरजच कमी पडते. तेव्हा रॅमबरोबर स्वॅपही वाढवायला सांगणारा नियम बहुतेक मशीनांवर उलट्या दिशेला बोट दाखवतो. अर्थात काम वाढणार म्हणून रॅम वाढवली असेल, म्हणजे आता दोन-तीन व्हर्च्युअल मशीन चालवायची आहेत किंवा मोठे व्हिडिओ एडिट करायचे आहेत, तर हिशोब नव्या कामाचा करा. जुने आकडे तिथे उपयोगाचे नाहीत.

रॅम वाढली की उत्तर थेट बदलतं असं ठिकाण एकच, ते म्हणजे हायबरनेशन.

साध्या सस्पेंडमध्ये रॅमला वीज मिळत राहते, स्वॅपशी संबंध येत नाही. हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवून मशीन पूर्ण बंद होतं, आणि लिनक्स तो मजकूर उतरवतो स्वॅपमध्येच. इथे बारकावा असा की संपूर्ण ३२ जीबी लिहिले जात नाहीत. कर्नल आधी कॅश रिकामी करतो आणि प्रतिमा, म्हणजे रॅमची डिस्कवर लिहायची प्रत, एका ठरावीक मापात बसवायचा प्रयत्न करतो. हे माप मुळात रॅमच्या दोन पंचमांश असतं, म्हणजे ३२ जीबीवर १२.८ जीबी. शिवाय लिहिताना मजकूर दाबून लहान केला जातो. म्हणूनच जुन्या १६ जीबी स्वॅपवर ३२ जीबीचा लॅपटॉप बहुतेक दिवस सुरळीत हायबरनेट होतो, आणि मालकाला वाटतं की झालं, पुरतंय.

मग एक दिवस व्हर्च्युअल मशीन उघडं असतं, ब्राउझर भरलेला असतो, वापरातली अनामिक मेमरी २४ जीबीवर गेलेली असते आणि स्वॅपमध्येही आधीच ३ जीबी सांडलेले असतात. दोन पंचमांश हे कर्नलचं लक्ष्य आहे, हमी नव्हे. वापरातली मेमरी त्याला टाकून देता येत नाही. मजकूर मावत नाही, हायबरनेशन नाकारलं जातं आणि मशीन जागंच राहतं. यात डेटा जात नाही, पण तुम्ही झाकण लावून लॅपटॉप बॅगेत टाकलेला असतो. तिथे तो तापत राहतो आणि बॅटरी संपली की न साठवलेलं कामही जातं. जी सोय नेमकी गर्दीच्या दिवशी फसते तिच्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही. त्यामुळे हायबरनेट करणाऱ्यांना माझा हिशोब सरळ आहे: रॅमएवढी स्वॅप, अधिक स्वॅपमध्ये नेहमी सांडलेलं असतं तेवढं. तुमच्या बाबतीत ३२ अधिक ४, म्हणजे ३६ जीबी. रेड हॅटचा वेगळा रकाना ८ ते ६४ जीबीसाठी दीडपट सांगतो, म्हणजे ४८. तेवढी जागा मोकळी असेल तर हरकत नाही, मी स्वतः ३६ वर थांबेन.

पण त्याआधी तुमच्या मशीनवर हायबरनेट होतं का ते तपासा, नाहीतर ३६ जीबी फुकट जातील. सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांमध्ये, कर्नल लॉकडाउन या कडक सुरक्षेच्या अवस्थेत जातो आणि हायबरनेशन बंद ठेवतो. डिस्कवरची प्रतिमा कुणी बदलून ठेवली तर सिक्युअर बूटचा हेतूच फसेल, म्हणून. ‘सिस’ फोल्डरातल्या ‘पॉवर’ फोल्डरमधली ‘स्टेट’ नावाची फाइल ‘कॅट’ कमांडने वाचून पाहा. तिच्यात ‘डिस्क’ हा शब्द नसेल तर हायबरनेशन उपलब्ध नाही, विषय संपला. असेल तर पुढे जा.

हायबरनेट नको असेल तर प्रश्न मोजमापाचा आहे, आणि मोजायला फार काही लागत नाही. नवी रॅम घालून आठ-पंधरा दिवस नेहमीसारखं काम करा, स्वॅपला हात लावू नका. मग कामाच्या ऐन गर्दीत टर्मिनल उघडून ‘फ्री’ ही कमांड द्या, आकडे वाचता येतील अशा एककात दाखवणारा ‘एच’ पर्याय लावून. ‘फ्री’ नावाचा रकाना सोडून द्या, तो छोटा दिसणं ही चांगली गोष्ट आहे, कारण मोकळ्या रॅमचा कर्नल फाइलींच्या कॅशसाठी वापर करतो. पाहायचा तो शेवटचा, ‘अव्हेलेबल’ रकाना. नवा प्रोग्राम उघडला तर त्याला स्वॅपिंगशिवाय किती मेमरी देता येईल याचा तो अंदाज आहे.

त्याखालच्या स्वॅपच्या ओळीत ‘युज्ड’मध्ये ६००-७०० एमबी दिसले की लोक दचकतात. ‘रॅम अर्धी रिकामी, तरी स्वॅप का वापरली?’ कधीतरी, कदाचित मोठी फाइल कॉपी करताना किंवा रात्रीच्या बॅकअपच्या वेळी, कर्नलला वाटलं की ही पेजेस कुणी बघत नाही, त्यापेक्षा ती जागा कॅशला द्यावी. त्याने ती बाहेर ठेवली. नंतर ती कुणी मागितलीच नाहीत म्हणून ती तिथेच आहेत. हे बरोबर चाललेल्या यंत्रणेचं लक्षण आहे. स्वॅप किती भरली आहे याला फारसा अर्थ नाही, पेजेसची ये-जा किती चालली आहे याला आहे.

ती ये-जा ‘व्हीएमस्टॅट’ दाखवते. कमांडपुढे १ हा आकडा लिहिलात की दर सेकंदाला एक ओळ येते. छापून आलेली पहिली ओळ बघूच नका, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते आणि तिच्यावरून पुष्कळजण भलते निष्कर्ष काढतात. दुसऱ्या ओळीपासून ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे दोन रकाने पाहा: स्वॅपमधून दर सेकंदाला किती केबी आत आले आणि किती बाहेर गेले. दोन्हींत शून्यामागून शून्य आणि मधूनच एखादा आकडा, तर सगळं ठीक. फक्त ‘एसओ’ काही सेकंद उसळून शांत झालं, तरीही ठीक, निष्क्रिय माल बाहेर गेला. दोन्ही रकाने एकाच वेळी मिनिटभर हजारांत खेळत असतील आणि शेजारी ‘डब्ल्यूए’ म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळही चढा असेल, तर चालू कामच रॅममध्ये मावत नाही. आणि नीट ऐका, यावर उपाय स्वॅप वाढवणं नाही. मशीन धापा टाकतंय ते स्वॅप कमी पडली म्हणून नव्हे. रॅम वाढवा किंवा काम कमी करा.

कर्नल ४.२० किंवा पुढचा असेल, आणि आता बहुतेक तसाच असतो, तर ‘प्रॉक’ फोल्डरातल्या ‘प्रेशर’मधली ‘मेमरी’ ही फाइलही पाहता येते. मेमरीसाठी अडून राहण्यात किती टक्के वेळ गेला ते ती १० सेकंद, ६० सेकंद आणि ३०० सेकंदांच्या सरासरीने सांगते. ‘फुल’ या ओळीतले आकडे शून्याला चिकटून असतील तर तुमच्या मशीनला मेमरीचा त्रास नाही, मग स्वॅपचा रकाना काहीही म्हणो.

‘असेना का जास्त, ६४ जीबी ठेवली तर तोटा काय?’ हाही रास्त प्रश्न आहे. डिस्कची जागा हा किरकोळ तोटा. मोठा तोटा दिसतो तो एखादा प्रोग्राम बिघडून मेमरी खात सुटतो तेव्हा. रॅम भरली की तो स्वॅप भरू लागतो, आणि स्वॅपही संपेपर्यंत कर्नलचा ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोग्राम मारणारा भाग, सहसा मध्ये पडत नाही. फिरत्या हार्ड डिस्कवर सेकंदाला १०० एमबी लिहिले जातात असं धरलं तर ८ जीबी स्वॅप दीड मिनिटाच्या आत भरते, प्रोग्राम मारला जातो, तुम्ही पुढे कामाला लागता. ६४ जीबी भरायला जवळपास अकरा मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ माउससुद्धा हलत नाही. प्रत्यक्षात कुणी अकरा मिनिटं थांबत नाही, पॉवरचं बटण दाबून धरतो. जी स्वॅप मशीन वाचवायला ठेवली, तीच मशीन सक्तीने बंद करायची पाळी आणते.

परतीचा प्रवास आणखी वाईट. हार्ड डिस्कवर विखुरलेलं ४ केबीचं एक पेज शोधायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. २ जीबीमध्ये अशी सव्वापाच लाख पेजेस होतात. कर्नल एका दमात आठ पेजेस वाचतो हे धरूनही सगळी परत आणायला दहा-अकरा मिनिटं. एनव्हीएमई या वेगवान जातीच्या एसएसडीवर एक वाचन सुमारे १०० मायक्रोसेकंदांत होतं, त्यामुळे हेच काम मिनिटाच्या आत उरकतं. पण रॅमचा प्रतिसाद १०० नॅनोसेकंदांच्या आसपास असतो, म्हणजे एसएसडीसुद्धा हजारपट मंदच. तुमच्याकडे एसएसडी आहे हे चांगलंच, तरी स्वॅपला स्वस्तातली रॅम समजू नये.

अलीकडे सिस्टिमडी-ओओएमडी किंवा अर्लीओओएम यांसारखे राखणदार स्वॅप पूर्ण भरायची वाट न पाहता दांडगा प्रोग्राम आधीच मारतात. फेडोरा ३४ पासून आणि उबुंटू २२.०४ पासून डेस्कटॉपवर पहिला आपोआप चालू असतो. हे राखणदार स्वॅप किती भरली आणि दाब किती आहे हे पाहून निर्णय घेतात, त्यामुळे त्यांनाही थोडी स्वॅप असलेली बरी. स्वॅप शून्य असेल तर त्यांना दाब चढताना दिसायला वेळच मिळत नाही.

स्वॅपिनेस या कर्नलच्या सेटिंगबद्दल दोन शब्द, कारण रॅम वाढवल्यावर ‘ते १० करा’ असा सल्ला हमखास मिळतो. मूळ आकडा ६० असतो. हा काही रॅम किती टक्के भरल्यावर स्वॅप सुरू करायची त्याचा आकडा नव्हे. मेमरी मोकळी करायची वेळ आलीच, तर फाइलींची कॅश टाकायची की अनामिक पेजेस बाहेर काढायची, यातलं पारडं कुठे झुकवायचं ते तो सांगतो. ३२ जीबीवर ती वेळच क्वचित येते, त्यामुळे ६० असो की १०, फरक जाणवणार नाही. हार्ड डिस्क असेल तर कमी करा. एसएसडीवर मी हात लावत नाही. आणि शून्य केल्याने स्वॅप बंद होत नाही, अगदी अडचणीच्या वेळी कर्नल ती वापरतोच.

झेडरॅमचा विचार मात्र आवर्जून करा. यात स्वॅप डिस्कवर नसतेच. रॅमच्याच एका भागात पेजेस दाबून लहान करून ठेवली जातात. फेडोराने ३३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, हीच पद्धत मूळ धरली आहे. ३४ पासून तिचं माप रॅमएवढं, पण कमाल ८ जीबी असं ठेवलं. ‘रॅमएवढी’ ऐकून घाबरायचं कारण नाही, तो आकडा दाबण्याआधीच्या मजकुराचा असतो आणि पेजेस येतील तसतशीच जागा घेतली जाते. नेहमीचा मजकूर निम्म्याहून कमी जागेत बसतो. हायबरनेट करायचं नसेल आणि आज नव्याने सिस्टिम बसवत असाल, तर ३२ जीबी रॅमवर मी ८ जीबी झेडरॅम लावून डिस्कवरची स्वॅप ठेवणारही नाही. झेडरॅममध्ये हायबरनेट करता येत नाही, मशीन बंद झालं की तीही गेली. झेडरॅम आणि हायबरनेट दोन्ही हवं असेल तर झेडरॅमला जास्त प्राधान्य द्या आणि डिस्कवरच्या स्वॅपला कमी. कर्नल जास्त आकड्याची स्वॅप आधी भरतो. दाबलेली पेजेस आणि डिस्कवरची स्वॅप सलगपणे वापरायची तर झेडस्वॅप हा दुसरा मार्ग आहे: तो डिस्कवरच्या स्वॅपच्या पुढ्यात दाबलेल्या पेजेसची कॅश ठेवतो.

एसएसडी झिजेल ही धास्ती सोडा. १ टीबीच्या घरगुती एसएसडीवर ६०० टीबी लेखनाची हमी सर्रास असते, ५१२ जीबीच्या डिस्कला त्याच्या निम्मी धरा. रोज १० जीबी स्वॅपमध्ये लिहिले, आणि ३२ जीबीवर ते होणं अवघड आहे, तरी वर्षाला पावणेचार टीबीसुद्धा होत नाहीत.

आता प्रत्यक्ष बदल. पार्टिशन लहान-मोठं करत बसण्यापेक्षा स्वॅप फाइल करा. आकारात लवचीक, नको झाली तर डिलीट केली की संपलं. उबुंटूही १७.०४ पासून पार्टिशनऐवजी फाइलच करतं. आधी ‘फ्री’मध्ये खात्री करा की स्वॅपमध्ये असलेलं सगळं रॅममध्ये मावेल, मग ‘स्वॅपऑफ’. ही कमांड एकेक पेज परत आणते, त्यामुळे एक-दोन मिनिटं गप्प बसल्यासारखी वाटते, मध्येच तोडू नका. मग ‘डीडी’ने हव्या त्या आकाराची शून्यांनी भरलेली फाइल करा. ‘एफअलोकेट’ झटपट करतं आणि ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवर चालतंही, पण सगळ्या फाइल सिस्टिमवर चालेलच असं नाही, ‘डीडी’ जास्त निर्धोक. फाइलची परवानगी ६०० करा. हे विसरू नका, कारण स्वॅपमध्ये तुमचे पासवर्डही असू शकतात आणि ती फाइल दुसऱ्या युजरला वाचता येता कामा नये. त्यानंतर ‘एमकेस्वॅप’, ‘स्वॅपऑन’, आणि ‘इटीसी’मधल्या ‘एफएसटॅब’मध्ये (बूटच्या वेळी काय जोडायचं त्याची यादी) एक ओळ.

फाइल सिस्टिम बीटीआरएफएस असेल तर थोडी काळजी घ्या. कर्नल ५.० पासून त्यावर स्वॅप फाइल चालते, पण कॉपी-ऑन-राइट (बदल जुन्यावर न लिहिता नव्या जागी लिहिण्याची पद्धत) आणि कॉम्प्रेशन दोन्ही बंद हवं, आणि फाइल वेगळ्या सबव्हॉल्यूममध्ये ठेवा, नाहीतर स्नॅपशॉट अडतील. झेडएफएसवर स्वॅप फाइल करूच नका, तिथे वेगळं पार्टिशन बरं. स्वॅप फाइलवर हायबरनेट करायचं असेल तर फाइल ज्या पार्टिशनवर आहे ते आणि त्यात फाइल सुरू होते ती जागा, अशा दोन गोष्टी कर्नलला बूटच्या वेळी कळाव्या लागतात. डिस्ट्रोने ते आपोआप जमवलं नसेल तर ‘रिझ्यूम’ आणि ‘रिझ्यूम ऑफसेट’ हे दोन पर्याय हाताने लिहा. फाइल पुन्हा केलीत की ऑफसेट बदलतो, तोही पुन्हा लिहावा लागतो.

आणि हा सापळा, ज्यात स्वॅप बदलणारे बहुतेक अडकतात. जुनं पार्टिशन काढलंत किंवा त्यावर पुन्हा ‘एमकेस्वॅप’ चालवलंत की त्याचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) नाहीसा होतो किंवा बदलतो. ‘एफएसटॅब’मध्ये जुनाच राहिला तर पुढच्या बूटला सिस्टिमडी (बूटच्या वेळी सेवा सुरू करणारा प्रोग्राम) ते हरवलेलं पार्टिशन दीड मिनिट शोधत बसतं. पडद्यावर एक लाल पट्टी डावी-उजवीकडे सरकते आणि शेजारी सेकंद मोजले जातात. ‘एफएसटॅब’ दुरुस्त केल्यावरही डेबियन-उबुंटूवर बूट अर्धा मिनिट अडखळत असेल, तर तोच जुना यूयूआयडी ‘इनिटरॅमएफएस-टूल्स’च्या ‘रिझ्यूम’ फाइलमध्ये लपलेला असतो. तिथे नवा लिहा, हायबरनेट नको असेल तर ‘नन’ लिहा, आणि ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ चालवा. ‘नव्या रॅमने मशीन मंद केलं’ अशी तक्रार येते तेव्हा मी पहिल्यांदा हीच फाइल उघडायला सांगतो.

सर्व्हरची गोष्ट थोडी वेगळी. तिथे हायबरनेशनचा प्रश्न नाही, आणि अडखळत चालणाऱ्या सर्व्हरपेक्षा पटकन पडून पुन्हा उठलेला प्रोग्राम पुष्कळदा परवडतो, म्हणून २ ते ४ जीबीच्या वर मी जात नाही. एक अपवाद: ओव्हरकमिटचं (प्रोग्रामना असलेल्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करायची की नाही याचं) धोरण २ वर ठेवलं असेल, काही डेटाबेसवाले तसं ठेवतात, तर प्रोग्रामना एकूण किती मेमरी कबूल करायची याची मर्यादा म्हणजे पूर्ण स्वॅप अधिक रॅमचे ५० टक्के. अशा ३२ जीबीच्या सर्व्हरवर ४ जीबी स्वॅप असेल तर मर्यादा २० जीबी. बारा जीबी रॅम मोकळी दिसत असताना प्रोग्रामला ‘मेमरी नाही’ असं उत्तर मिळतं आणि माणूस चक्रावतो. तिथे रॅम वाढवल्यावर एकतर स्वॅप वाढवा किंवा ते ५० टक्क्यांचं प्रमाण.

लॅपटॉपवर विंडोजही असेल तर तिथला हिशोब यात मिसळू नका. विंडोज हायबरनेशनसाठी वेगळी फाइल ठेवतं, आणि पेज फाइल ‘सिस्टिमने सांभाळावी’ या मूळ पर्यायावर सोडली की ती गरजेप्रमाणे वाढते. रॅम वाढवल्यावर तिथे काही करावं लागत नाही.

तेव्हा तुमच्या लॅपटॉपवर पहिलं काम म्हणजे ती ‘स्टेट’ फाइल पाहणं. हायबरनेशन उपलब्ध असेल आणि हवंही असेल, तर १६ जीबीचं पार्टिशन बंद करून ३६ जीबीची एकच फाइल करा. पार्टिशन आणि फाइल मिळून ३६ जीबी भरवण्याचा मोह टाळा, कारण हायबरनेशनची प्रतिमा एकाच स्वॅपमध्ये मावावी लागते. हायबरनेट करत नसाल तर आठ-पंधरा दिवस व्हीएमस्टॅट बघा, दोन्ही रकाने शून्य दिसत राहिले तर १६ जीबीचं पार्टिशन आहे तसं सोडून द्या. त्यातले आठ-दहा जीबी परत मिळवण्यासाठी चालू डिस्कवरची पार्टिशनं सरकवण्याची जोखीम घेण्यासारखी नाही.